मी सांगितलेला शेवट

प्रिय दारवालीबाई,

फोनवर ऑपरेशनचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. एकदा नाही, तीनदा ठेवलास. तिसऱ्यांदा तर दूध उतू गेलं म्हणालीस, भर दुपारी अडीच वाजता. म्हणून हे पत्र. तुला आता वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा सूनबाई वाचेल. सूनबाई, मोठ्यानं वाच, काही गाळू नकोस, आणि सासूबाई मध्येच उठून निघाल्या तर मागोमाग जाऊन वाच. न्हाणीघरात शिरून कडी लावली तर दाराबाहेर उभी राहून वाच. माझं अक्षर हे असंच. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर सहीपलीकडे लिहायची वेळ आली नाही. कागद आपल्याच थिएटरच्या जुन्या वेळापत्रकांचे आहेत, पाठकोरे. दोन शोंच्या मधल्या वेळात जिन्याखाली बसून लिहिते आहे, त्यामुळे कुठे धागा तुटला तर समज की शो सुटला आणि मी झाडू उचलून पळाले.

आधी मुद्द्याचं. तुझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तारीख दिली. पहिल्यांदा तू दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरलीस, म्हणे पोटात कळ आली. दुसऱ्यांदा तर कमालच केलीस. डोळ्यात थेंब घातलेले, अंगात तो हिरवा झगा, डोक्याला टोपी, आणि बाई उठून चालायला लागल्या! झग्यासकट थेट बसथांब्यापर्यंत. सूनबाई सांगत होती, लोक वाट सोडून बाजूला होत होते. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं पुढचं सांगितलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. येत्या शुक्रवारी सकाळी नऊची तारीख शेवटची. त्यानंतर डॉक्टरीणबाई दोन महिने गावाला नाहीत, आणि तोवर डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर कोणालाच परत आणता येणार नाही. हे तुला समजावून सांगितलं, तर तू म्हणालीस, असू दे, कानांनी भागतं माझं. काय भागतं गं? भाजीत पडलेली अळी कानांनी दिसते का? रस्ता ओलांडताना कान पुढे धरणार आहेस का?

तुझे डोळे किती गेले आहेत ते मला कसं कळलं, ते ऐक. आता थिएटरच्या बाहेर हातात माईक घेतलेली पोरंपोरी उभी असतात, तुझ्या वेळी नव्हती. शो सुटला की जो दिसेल त्याच्या तोंडापुढे माईक, कसा वाटला, किती स्टार. लोकही असे, आत निम्मा वेळ झोपलेले असतात आणि बाहेर येऊन डोळे पुसत सांगतात की आयुष्य बदललं. मी कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या फाटकाकडे निघाले होते. एकीनं मलाच अडवलं, मावशी, तुम्हाला कसा वाटला? मी म्हटलं, सिनेमा चांगला असला की लोक खायचं विसरतात, खुर्च्यांखाली पॉपकॉर्नचे भरलेले डबे सापडतात. आज एकही डबा उरला नाही, तळाचे दाणेसुद्धा चाटूनपुसून खाल्लेत, म्हणजे काय ते तूच समज. एवढंच बोलले. तर ते झालं व्हायरल का काय म्हणतात ते. आता येणारा जाणारा विचारतो, मावशी, आज डबे किती? मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, जरा गोड बोला, सिनेमावाल्यांचे फोन येतात. मी म्हटलं, गोड बोलायला ठेवलंय का मला? त्याची वेगळी बाई ठेव. तर तो व्हिडिओ सूनबाईनं तुला दाखवला. तू म्हणे फोन नाकाला लावून बघितलास आणि म्हणालीस, आवाज तिचाच आहे, पण तोंड का पुसून टाकलंय तिचं? सूनबाईला वाटलं तू थट्टा करते आहेस. मला नाही वाटलं. कोणी पुसलं नव्हतं माझं तोंड. चांगलं उन्हात उभं होतं, घामेजलेलं.

मला राग आला. तुझा आला, सिनेमाचा आला, त्या माईकवालीचा आला. हल्ली मला येतोच. तू गेल्यापासून इथे रोज कोणावर तरी चिडावं लागतं, आणि चिडून झाल्यावर सांगायला कोणी नाही. आता सगळे सिनेमे नावं येऊन गेल्यावर पुन्हा सुरू होतात, हे तुला माहीत आहे का? सिनेमा संपतो, दिवे लागतात, मी झाडू घेऊन पुढे होते, आणि एक माणूस उठत नाही! सगळे खुर्चीत रुतून. म्हणे थांबा, नावांनंतर अजून एक तुकडा आहे. त्या तुकड्यात काय, तर कोणीतरी कोणाकडे तरी बघतो आणि अंधार. एवढ्यासाठी माझी पंधरा मिनिटांची सफाई सात मिनिटांत उरकायची. आणि शेवट तर कोणी करतच नाही आता. नायक कड्यावरून पडतो, आणि खाली लिहून येतं, भाग दोन पुढच्या वर्षी. अरे, मी शेवटासाठी उभी असते ना! उभ्या जन्मात तेवढंच बघायला मिळतं मला, तेही अर्धं? आणि नव्या खुर्च्या बघितल्यास तर तू कपाळावर हात मारशील. बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे, माणूस आडवा. थिएटर आहे की बाळंतिणीची खोली? खाली झाडू जात नाही. कालच एका खुर्चीखाली गुडघे टेकून हात घातला तर हाताला मऊ काहीतरी लागलं. मोजा होता. पायातला एकच मोजा काढून कोण निघून जातं?

सूनबाई, तू हसत असशील, पण तुझ्या सासूला माहीत आहे मी काय म्हणते ते. तुला आमची रीत ठाऊक नसेल, सांगते. तुझी सासू दारात तिकिटं फाडायची. सगळे आत गेले की दार लोटून ती आतल्या बाजूला पडद्याआड उभी राहायची, उशिरा येणाऱ्यांसाठी. त्यामुळे प्रत्येक सिनेमाची पहिली वीस मिनिटं तिची. मग तिला बाहेर जावं लागायचं. माझं उलटं. शो सुटायच्या आधी दहा मिनिटं मी झाडू-सुपली घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभी, त्यामुळे शेवट माझा. बसून, सलग, तिकीट काढून आम्ही कधी काही बघितलं नाही. चार वाजता जिन्याखाली चहा. ती सुरुवात सांगायची, मी शेवट सांगायची, मधलं दोघी मिळून रचायचो. एकच नियम होता. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. एकदा काय झालं, एका पडद्यावर चोर-पोलीस भावांचा सिनेमा आणि दुसऱ्यावर घरातल्या लग्नाचा, आणि दुसऱ्या शोला दोन्हींचे पडदे बदलले हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तिनं सुरुवात सांगितली, दोन भाऊ, एक पोलीस एक चोर, बाप मरताना ताईत देतो. मी शेवट सांगितला, नवरी मांडवातून उठते आणि आचाऱ्याशी लग्न करते. आता हे जुळवायचं कसं? आम्ही जुळवलं! चोर भाऊ लपायला आचारी झाला, असं ठरवलं. आठवडाभर तो सिनेमा आम्ही येईल त्याला सांगत होतो. तिकीट खिडकीवाले काका सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, बायांनो, तुमचा सिनेमा कुठे लागलाय? मी बघायला येतो, आपल्या इथल्या दोन्हींपेक्षा बरा आहे.

आता तुझ्या जागी दारात मशीन आहे. लोक फोन दाखवतात, ते टिंग करतं आणि दांडा उघडतो. त्याला काय विचारू, सुरुवात कशी होती म्हणून? गेलं वर्षभर मी नुसते शेवट बघते आहे. परवाच्या सिनेमात एक बाई चांगलं घर, चांगला नवरा, सगळं सोडून गाडी चालवत एकटीच निघून गेली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला कळेना, टाळ्या कशाला? नवऱ्यानं काय केलं होतं? मारायचा का? घोरायचा का? माझ्या पुढ्यात तो बिचारा दारात उभा राहून हात हलवत होता. तू असतीस तर सांगितलं असतंस. दुसऱ्या एकात म्हातारी आई दहा मिनिटं नुसती खिडकीत बसून राहते आणि मागे सारंगी. सिनेमातल्या आया सगळ्या खिडकीतच का बसतात गं? एकीलाही कपडे वाळत घालायचे नसतात, नळ आलाय म्हणून धावायचं नसतं. आणि मारामारीचे सिनेमे तर विचारूच नकोस. शेवटी इतकं रक्त सांडतं की माझ्या मनात पहिला विचार येतो, हे पुसणार कोण.

बरं, माझं पुराण राहू दे. तुझ्यावर चिडायला कागद घेतलाय. तुझे डोळे काल गेले नाहीत. इथे होतीस तेव्हाच जायला लागले होते, आणि तू लपवलंस. तिकिटं फाडताना तू डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, दारातला बल्ब मंद आहे. मी वेडी, मॅनेजरशी भांडून मोठा बल्ब लावून घेतला. मग म्हणालीस, आता फार झगझगतं. शेवटी त्या आजोबांचं झालं. दोन नातवंडांना घेऊन प्राण्यांचा सिनेमा बघायला आले होते आणि तू त्यांना बोट करून दुसऱ्या पडद्याला पाठवलंस, जिथे पहिल्याच मिनिटाला कोणीतरी कोणाचा गळा चिरतो. पोरं किंचाळत बाहेर आली, धाकट्याची चड्डी ओली. पुसलं मी. आजोबांची माफी मागितली मी. मॅनेजरला सांगितलं, पाट्या मीच उलट्या लावल्या होत्या. त्यानं माझी त्या आठवड्याची सुट्टी कापली. आणि तुला म्हटलं, अगं, डोळे दाखव, तर तू माझ्यावरच उलटलीस. म्हणालीस, तुला मला म्हातारी ठरवायची घाई झाली आहे. दोन महिन्यांनी मशीन आलं, तू मुलाकडे राहायला गेलीस, जाताना माझा निरोपसुद्धा धड घेतला नाहीस. डबा विसरलीस तोही खिडकीवाल्या काकांच्या हाती मागवून घेतलास. मी तेव्हा म्हटलं, जाऊ दे, फुगली आहे, उतरेल. मी तरी कुठे बस धरून आले तुझ्याकडे.

त्या काकांचंच घे. त्यांचे दोन्ही डोळे झाले, सहा महिने होतील. आधी टरकले होते, बायकोला सगळ्या चाव्या दाखवून गेले, कपाटाची कुठली, टाकीची कुठली. पाव तास लागला म्हणाले, आत भिंतीवरच्या स्पीकरवर कुठलं तरी गाणं चालू होतं, ते संपायच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आता नको तितकं दिसतं त्यांना. खिडकीच्या काचेवरचे डाग दाखवतात मला. पंधरा वर्षांत त्यांना काच कळकट दिसली नाही, आता रोज बोट ठेवतात, मावशी हे बघा, मावशी ते बघा. बायकोला म्हणाले, तुझ्या ओठावर तीळ आहे. तीस वर्षं झाली लग्नाला! ती दोन दिवस बोलली नाही. मी त्यांना तुझं सांगितलं तर म्हणाले, तिला म्हणावं, आधी भय वाटतं तेवढंच, बाकी काही नाही. बघ, एक माणूस तुझ्या ओळखीचा, त्याचं नीट झालं. पण ते तुझ्या डोक्यात शिरणार नाही, कारण तिथे दुसरं कोणी आधीच ठाण मांडून बसलंय. ते कोण, ते मला गेल्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी सूनबाईचा फोन आला, रडकुंडीला आलेली. मी विचारलं, अगं पण ही घाबरते तरी कशाला? मुलगा काही म्हणाला का? तर ती म्हणाली, मावशी, त्या म्हणतात की तुमच्या कामावर एक मुलगी होती, शिवणकाम करणारी, तिचं असंच झालं. ऑपरेशन नीट झालं म्हणाले, सगळे जमले, बापानं स्वतःच्या हातानं पट्टी सोडली, आणि सगळा काळोख. ती बापाचं तोंड चाचपत राहिली. त्यापेक्षा आहे ते धूसर बरं, असं त्या म्हणतात. मग सूनबाईनं मला विचारलं, कोण होती हो ती? तुम्ही ओळखत असाल. मी म्हटलं, असेल कोणी, आता आठवत नाही. आणि फोन ठेवला. म्हणजे तू ठेवतेस तसाच. दूध उतू गेलं एवढंच म्हणायचं राहिलं. त्यानंतरचे दोन शो मी कसे झाडले मला माहीत नाही. एका ओळीत एक बाई अजून बसलेली होती, तिच्या पायावरून झाडू फिरवला.

सूनबाई, इथून पुढचं सावकाश वाच. अशी कोणी मुलगी आपल्या कामावर नव्हती, दारवाले. आठव. ती सिनेमातली होती. आठ वर्षं झाली, छोट्या पडद्यावर लागला होता, रोज एकच शो, दोनच दिवस टिकला. तू पहिली वीस मिनिटं बघून आलीस आणि चहा घेताना काय रंगवून सांगितलंस, ती सुईत दोरा ओवते आणि दोरा दिसेनासा होतो, बाप आवाज न करता मागून येऊन तिला ओवून देतो. सांगताना तुझेच डोळे भरले. मग म्हणालीस, हं, आता शेवट. आणि मला शेवट माहीत नव्हता. पहिल्या दिवशी मी रजेवर होते, दुसऱ्या दिवशी बायकांच्या संडासातला नळ निखळला आणि ती दहा मिनिटं मी गुडघाभर पाण्यात बोळा दाबून उभी होते. तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हा आपला नियम, पण नियमाच्या आड मी लपत नाही. गोड शेवट रचता आला असता. तुला गोडच आवडायचा. पण त्याच आठवड्यात माझी लेक मला न सांगता घर सोडून गेली होती, आणि तू तीन दिवस मुलाचं लग्न, मुलाचं लग्न करत होतीस. सूनबाई, तुझंच लग्न. मी तुम्हाला कोणालाच लेकीचं सांगितलं नव्हतं, तेव्हा तुझ्या सासूचा काही दोष नव्हता. तिचं सगळं चांगलं चाललेलं मला बघवेना, एवढंच. म्हणून मी ती पट्टी सोडवली आणि आत काळोख ठेवला. बापाचं तोंड चाचपणं वगैरे सगळं मीच घातलं. तू रडलीस तेव्हा मला जरा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. आज दारातलं मशीन बघणाऱ्या पोराला घेऊन तो सिनेमा फोनवर शोधला, कुठेही नाही. खरा शेवट काय होता ते मला आजही माहीत नाही. तिला लख्ख दिसलं असं आता लिहिलं तर तू विश्वास ठेवशील आणि शुक्रवारी मुकाट्यानं जाशील, पण एका खोट्यावर दुसरं खोटं मी घालणार नाही. माहीत नाही मला. आठ वर्षं तू ज्या मुलीला घाबरते आहेस ती माझ्या मत्सरातून आली, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरून नाही. मी गुरुवारच्या दुपारच्या बसनं निघते आहे, तीन दिवसांची रजा टाकली आहे. मला घरात घेऊ नकोस हवं तर, मी दवाखान्याच्या बाकावर बसेन. ऑपरेशन होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. पण आत जा. आणि शनिवारी पट्टी काढली की मला समोर उभी कर आणि मनसोक्त शिव्या घाल, फक्त माझ्या तोंडाकडे बघून घाल.

तुझीच, तुझ्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडलेली,
झाडूवाली